नगरींचे स्वयंवर

२०२५ सालच्या नोव्हेंबरातील ती २६ तारीख. जेवणे आटोपून आम्ही मंडळी बातम्या पाहत बसलो होतो. ग्लासगोहून बातमी आली की, २०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. पडद्यावर एकच जल्लोष उसळला. आमचे नातू आठवीत आहेत, म्हणजे प्रश्न विचारण्याच्या ऐन वयात आहेत. ते लगेच म्हणाले, "आजोबा, हे सगळं ठरवतं कोण? आणि मग आपल्या मुंबईत ऑलिंपिक का नाही?"

मी घसा खाकरून माहिती सांगण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात उद्याची भाजी निवडत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी मान वर न करताच विचारले, "ते राहू द्या हो. बिल कोणाच्या नावावर फाडतात, ते आधी सांगा."

वाचकहो, नातवाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मात्र मला शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागला. त्यातून जे हाती लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवतो.

एका मताची वरमाला

ऑलिंपिक हे रीतीप्रमाणे नगरीला दिले जात आले, देशाला नव्हे. देणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती. तिचे बिऱ्हाड स्वित्झर्लंडमधील लोझान गावी, आणि सदस्य साधारण शंभराच्या घरात. जुनी रीत अशी की, इच्छुक नगरींनी आपापले आराखडे मांडायचे आणि सदस्यांनी गुप्त मतदान करायचे. कोणालाच निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत, तर सर्वांत कमी मतांची नगरी बाद होते आणि पुन्हा मतदान होते. ज्या देशाची नगरी रिंगणात असेल, त्या देशाच्या सदस्याने ती बाद होईपर्यंत मत द्यायचे नाही. स्वयंवरच म्हणा ना! फरक एवढाच की, येथे वरमाला एक आणि पुढे केलेल्या माना चार-पाच.

ही माळ कधीकधी कशी केसभर अंतराने पडते पाहा. १९५६ च्या ऑलिंपिकसाठी १९४९ साली रोम येथे मतदान झाले. शेवटच्या फेरीत मेलबर्नला २१ मते पडली आणि ब्युनॉस आयर्सला २०. एका मताने ऑलिंपिक प्रथमच दक्षिण गोलार्धात गेले. माळ गळ्यात पडल्यावर एक अडचण उभी राहिली. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याप्रमाणे परदेशी घोड्यांना प्रवेश मिळेना. अखेर घोडेस्वारीच्या तेवढ्या शर्यती जून महिन्यात पार स्टॉकहोमला उरकाव्या लागल्या. वऱ्हाड एका गावी आणि घोडे दुसऱ्याच गावी, असा हा प्रकार. त्याच मेलबर्नमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारताचा फुटबॉल संघ चौथा आला. ब्युनॉस आयर्सच्या वाट्याला मात्र आजवर ते मोठे ऑलिंपिक आलेले नाही.

ठरलेले लग्न मोडते तेव्हा

१९४० चे ऑलिंपिक टोकियोला द्यायचे, असे १९३६ साली बर्लिनमध्ये ठरले. टोकियोला ३६ मते पडली, हेलसिंकीला २७. पुढच्याच वर्षी जपानने चीनशी युद्ध आरंभले, आणि १९३८ च्या जुलैत टोकियोने आपण होऊन माळ परत केली. मग हेलसिंकीची पाळी आली. फिनलंड हा लहानसा देश. त्याने आपले स्टेडियम १९३८ सालीच बांधून तयार ठेवले होते. त्याचा मनोरा ७२ मीटर ७१ सेंटिमीटर उंच आहे. मात्ती यार्विनेन या त्यांच्या खेळाडूने १९३२ साली सुवर्णपदक मिळविताना भाला नेमका तेवढाच लांब फेकला होता! पण १९३९ च्या नोव्हेंबरात रशियाने फिनलंडवर हल्ला केला, महायुद्ध पेटले, आणि १९४० चे ऑलिंपिक झालेच नाही.

हेलसिंकीने बारा वर्षे वाट पाहिली. १९५२ साली त्याच मनोऱ्याच्या गावी ऑलिंपिक भरले, आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तेथे कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चाचा प्रश्न पडला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. वाचकहो, हे गहाण पडलेले घर जरा लक्षात ठेवा. त्याची गरज आपल्याला पुढे लागणार आहे.

तीस वर्षांचे कर्ज

आता सौभाग्यवतींच्या प्रश्नाकडे वळू.

कॅनडातील माँट्रियल शहराने १९७० साली मॉस्को आणि लॉस एंजेलिस या दोन बलाढ्य नगरींना मागे टाकून १९७६ चे ऑलिंपिक मिळविले. महापौर झां द्रापो हे मोठे हौशी गृहस्थ. ऑलिंपिकला तोटा येणे हे पुरुषाला मूल होण्याइतके अशक्य आहे, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. पुढे जे झाले, ते पाहून व्यंगचित्रकारांनी महापौरांना गरोदर दाखविले यात नवल नाही. स्टेडियमचा आराखडा भव्य होता आणि त्यावर कलता मनोरा उभा राहायचा होता. कामाला उशीर झाला, संप झाले, भाव चढले. खेळ सुरू झाले, तेव्हा मनोरा अर्धवटच उभा होता. तो पुरा झाला १९८७ साली. शहराच्या आणि प्रांताच्या डोक्यावर सुमारे दीड अब्ज डॉलरचे कर्ज राहिले. तंबाखूवर खास कर बसवून ते फेडता फेडता २००६ साल उजाडले. ज्या पोराने १९७६ साली बापाच्या खांद्यावर बसून शर्यती पाहिल्या, तो चाळिशीकडे झुकला तरी विडीकाडीच्या प्रत्येक पाकिटावर त्या पंधरा दिवसांचे पैसे भरीतच होता. आणि दैवाचा खेळ असा की, स्वतःच्या अंगणात यजमान कॅनडाला एकही सुवर्णपदक मिळाले नाही.

लग्न पहावे करून, म्हणतात ते उगीच नाही.

एक नकार आणि एक शहाणी नगरी

माँट्रियलचे हाल जगाला दिसण्यापूर्वीच अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नागरिकांनी एक चमत्कार केला. १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक डेन्व्हर शहराला मिळालेले होते. पण १९७२ च्या नोव्हेंबरात त्यासाठी सरकारी पैसा द्यावा काय, असा सवाल मतदारांपुढे आला आणि सुमारे साठ टक्के लोकांनी साफ 'नाही' म्हटले. मिळालेले ऑलिंपिक परत करणारी ही एकमेव नगरी, जिला ना युद्धाचे कारण होते ना ज्वालामुखीचे. खेळ ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला गेले. १९६४ चे बांधकाम तेथे हाताशी होतेच.

या साऱ्याची दहशत एवढी की, १९८४ च्या ऑलिंपिकसाठी अखेरीस एकच उमेदवार उरला, तो म्हणजे लॉस एंजेलिस. गरज समितीला होती, त्यामुळे अटी त्या नगरीने घातल्या. करदात्यांच्या डोक्यावर बोजा टाकायचा नाही, हे पहिले सूत्र. स्टेडियम १९२३ साली बांधलेले जुनेच घेतले. खेळाडूंची सोय विद्यापीठांच्या वसतिगृहांत केली. कंपन्यांकडून आणि दूरचित्रवाणीकडून पैसे घेतले. घरची भांडी घासूनपुसून कार्य उरकावे, तसे त्यांनी ते उरकले आणि शेवटी वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक राहिली.

ही शिल्लक पाहताच जगाचे डोळे पुन्हा चमकले. १९९२ साठी सहा नगरी रांगेत उभ्या राहिल्या. लॉस एंजेलिसला फायदा झाला तो नवे फारसे काही न बांधल्यामुळे, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात आली नाही.

बार्सेलोनाचा समुद्र

पण केवळ तोट्याचेच पाढे वाचले, तर ते अन्यायाचे होईल. त्या सहा नगरींतून निवडून आली बार्सेलोना. १९३१ साली ती बर्लिनकडून हरली होती. १९९२ मध्ये तिने मॉन्टजुइक टेकडीवरचे १९२९ सालचे स्टेडियम दुरुस्त करून वापरले आणि बाकीचा पैसा शहरावर लावला. समुद्र होता, पण मध्ये कारखाने आणि रेल्वेचे रूळ आडवे आलेले. ते हलवून तेथे क्रीडाग्राम आणि सार्वजनिक किनारा केला. खेळाडू घरी गेले, पण समुद्र शहराला कायमचा मिळाला. कार्याच्या निमित्ताने घराला रंग काढावा, न्हाणीघर नीट करून घ्यावे, आणि पाहुणे गेल्यावर ते घरच्यांनी वापरावे, तशातली ही गोष्ट. शहराला जे एरवीही हवेच होते, ते या निमित्ताने पुरे झाले. केवळ पाहुण्यांसाठी उभारलेला मांडव पाहुण्यांबरोबरच निकामी होतो.

मानपानाच्या गोष्टी

स्वयंवर म्हटले की मानपान आला. १९९३ साली सिडनीने बीजिंगवर ४५ विरुद्ध ४३ अशा दोन मतांनी मात केली. त्या मतदानाच्या आदल्या रात्री दोन आफ्रिकी सदस्यांच्या देशांतील क्रीडासमित्यांना मिळून सत्तर हजार डॉलर देऊ करण्यात आले होते, हे १९९९ मध्ये बाहेर आले. त्याआधी १९९८ च्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीचे प्रकरण फुटलेच होते. २००२ च्या हिवाळी खेळांसाठी तेथील मंडळींनी सदस्यांच्या मुलांची शिक्षणे, नातलगांचे औषधपाणी, नजराणे असे सारे पुरविले होते. दहा सदस्यांना समितीतून जावे लागले, आणि इच्छुक नगरींना सदस्यांनी भेटी देण्यावर बंदी आली.

तरी व्याह्यांचा रुबाब काही जाईना. २०२२ च्या हिवाळी खेळांच्या वेळी नॉर्वेतील वृत्तपत्रांनी समितीच्या अपेक्षांची यादी छापली. राजेसाहेबांची भेट, त्यानंतर पेयपानासह स्वागत, रस्त्यावर मोटारींसाठी राखीव पट्टा, असे बरेच काही त्या यादीत होते. नॉर्वेची जनता चिडली, आणि २०१४ साली ऑस्लोने माघार घेतली. हवालदिल झालेल्या समितीपुढे शेवटी बीजिंग आणि अल्माटी अशा दोनच नगरी उरल्या.

२०२४ च्या वेळीही तेच. बोस्टनच्या महापौरांनी तोट्याची हमी लिहून द्यायचे नाकारले. हॅम्बर्गच्या नागरिकांनी मतदानाने नकार दिला. बुडापेस्टमध्ये विरोधकांनी अडीच लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि अर्ज मागे घ्यावा लागला. रोमनेही अंग काढून घेतले. उरल्या पॅरिस आणि लॉस एंजेलिस. समितीने २०१७ साली व्यवहारी तोडगा काढला. पॅरिसला २०२४ आणि लॉस एंजेलिसला २०२८, असे एकाच दिवशी दोन्ही बार उडवून दिले. पुढे स्वयंवराची रीतच बदलली. आता समितीची माणसे आधी खासगीत बोलणी करतात आणि सभेपुढे एकच नाव ठेवतात. २०३२ साठी ब्रिस्बेनची निवड २०२१ साली अशीच झाली. थोडक्यात, स्वयंवर संपले आणि बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

आता आपल्या दारी

२०२३ च्या ऑक्टोबरात या समितीची सभा मुंबईत भरली. २०३६ चे ऑलिंपिक भारतात व्हावे, ही इच्छा पंतप्रधानांनी तेथेच बोलून दाखविली. त्याच सभेत क्रिकेटला २०२८ च्या खेळांत जागा मिळाली. पुढे २०२४ मध्ये भारताने इरादापत्र धाडले. म्हणजे नातवाचा प्रश्न काही अगदीच हवेतला नव्हता.

आपल्याला या कार्याचा अनुभव नाही असेही नाही. २००३ साली जमैकातील सभेत दिल्लीने कॅनडाच्या हॅमिल्टनला ४६ विरुद्ध २२ मतांनी हरविले. त्यावेळी प्रत्येक सभासद देशाला खेळाडूंच्या तयारीसाठी एक लाख डॉलर देऊ केले होते. २०१० मध्ये खेळ झाले, भारताने १०१ पदके मिळविली आणि ऊर भरून आला. पण उद्घाटनाला दोन आठवडेही उरले नसताना स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, आणि नंतर हिशेबाच्या चौकश्या वर्षानुवर्षे चालल्या.

म्हणून उद्या आपल्या शहराच्या दारी हे स्थळ आले, तर नाक मुरडू नये आणि हुरळूनही जाऊ नये. चार गोष्टी विचाराव्यात. जे बांधणार, ते एरवीही शहराला हवे आहे काय? त्यासाठी कोणाची वस्ती उठणार, आणि ती माणसे कोठे जाणार? खेळ संपल्यावर त्या मैदानाची किल्ली कोणाच्या कमरेला राहणार? आणि तोट्याच्या कागदावर सही कोणाची?

आता ते गहाण पडलेले घर आठवा. खर्डेकरांनी एका पहिलवानासाठी घर गहाण टाकले, ते स्वतःचे. माँट्रियलच्या महापौरांनी एका स्टेडियमसाठी घरे गहाण टाकली, ती दुसऱ्यांची, आणि तीही न विचारता. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, ते २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांना, रायफल नेमबाजीत. मध्ये गेली बहात्तर वर्षे! ही बहात्तर वर्षे गेली ती गावोगावच्या तालमी, मैदाने, खुराक आणि रेल्वेचे भाडे यांच्या तुटवड्यात. मांडव फुलांनी सजला आणि नवरदेव उपाशीच राहिला, तर त्या कार्याला शोभा कसली?

हे सारे मी नातवाला सांगितले. तो विचारात पडला. मग म्हणाला, "आजोबा, मग आमच्या शाळेचं मैदान आधी नीट करायला सांगू या का? पावसाळ्यात तिथं तळं होतं आणि एरवी मोटारी उभ्या असतात."

सौभाग्यवतींनी निवडलेली भाजी उचलली आणि उठता उठता म्हणाल्या, "त्याचं बिल मात्र खुशाल आपल्या नावावर फाडा म्हणावं."