शेवटचा भाग नसलेली मालिका

कुमारवयात ज्याने एखादी रहस्यकथामाला मनापासून वाचली, त्याला तिचा शेवटचा भाग हाती आल्याचा दिवस सहसा विसरता येत नाही. परंतु ज्यांचे बालपण भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या सायकलीमागे धावण्यात गेले, अशा मराठी वाचकांना त्या मालिकेचा शेवटचा भाग कोणता, असे विचारून पाहावे, म्हणजे दहा जण दहा निरनिराळी नावे सांगतात, आणि माझ्या मते त्या दहाही जणांचे म्हणणे खरे मानले पाहिजे.

याचे कारण मालिकेच्या घडणीतच आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकावयास येतो, सुभाष देसाईसारखा जिवलग मित्र जोडतो, आणि पुढे वीस पुस्तके भरतील इतक्या भानगडींत तोंडातून ‘ट्टॉक’ असा आवाज काढीत स्वतःहून उडी घेतो. तथापि यांतील कोणतेही पुस्तक दुसऱ्यावाचून अडत नाही, एका पुस्तकातील चोर पुढल्या पुस्तकाच्या हवाली केला जात नाही, आणि नायकाच्या वयात काही फेरफार झाल्याचे जाणवत नाही. भागवतांचा जन्म १९१० चा आणि मृत्यू २००१ चा. ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ लिहून ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरी आणणाऱ्या या लेखकाला कथेचा शेवट कसा बांधावा हे उत्तम अवगत होते. तरीही आपल्या सर्वांत लाडक्या पोराला निरोप देण्याची गरज त्यांना भासली नाही, आणि मला तर यात त्यांची मुलांविषयीची फार खोल जाण दिसते.

मग शेवटचा भाग ठरवीत असे कोण? आमच्या वाईत तो ठरवीत असे ग्रंथालयाची देवघेव. त्या काळी पुस्तके क्रमाने विकत घेण्याची ऐपत फारच थोड्या घरांत असे. अनामत रक्कम भरून घरटी एक खाते उघडलेले, त्यावर एका वेळी एकच पुस्तक मिळणार, आणि तेही वडिलांनी मागविलेल्या कादंबरीच्या परतीनंतर, अशी व्यवस्था असल्यामुळे, जे पुस्तक ज्या दिवशी फडताळात हजर असेल तेच आमचे पुढचे पुस्तक होत असे. खाकी कागदाचे वेष्टन, कण्यावर डकविलेली लाल कापडाची पट्टी, आत जांभळ्या शाईचा शिक्का, आणि मागल्या पुठ्ठ्यावर चिकटविलेला तारखांचा कागद: या कागदावरून पुस्तक कितीजणांच्या हातांखालून गेले आणि कोणी मुदत उलटून जाऊ दिली, हे आम्हांला बिनचूक वाचता येई. ज्या पुस्तकाचा तारखांचा कागद भरून त्यावर दुसरा डकविलेला असे, ते उत्तम, असा आमचा निकष होता, आणि पुढे अनेक समीक्षकांचे अभिप्राय वाचूनही त्यापेक्षा भरवशाचा निकष मला आढळलेला नाही.

या फिरत्या प्रतींना दोन संकटांचा धोका असे. पहिले, कोणीतरी आगाऊ वाचक पहिल्याच पानावर पेन्सिलीने गुन्हेगाराचे नाव लिहून ठेवी. दुसरे याहून भयंकर: शेवटचे पान गळून पडलेले असे. कोणत्या ग्रंथालयाची ती प्रत होती हे सांगण्यात हशील नाही; पण अशा एका कादंबरीच्या शेवटल्या वाक्याचा पूर्वार्धच आमच्या वाट्याला आला, आणि संध्याकाळी गणपती आळीच्या घाटावर, ढोल्या गणपतीच्या देवळामागे कृष्णेच्या पायऱ्यांवर बसून, उत्तरार्ध काय असावा याचा आम्हां मित्रांत कित्येक दिवस खल चालला. कोणी चोराला फरारी केले, कोणी त्याला फौजदाराच्या स्वाधीन केले, एकाने तर त्याला पश्चात्ताप होऊन तो वारकरी झाल्याचा निकाल दिला! पुढे सबंध प्रत मिळाली तेव्हा खरा शेवट वाचून आनंद झालाच, परंतु घाटावर रचलेले ते शेवटही मला अजून सोडवत नाहीत.

माझ्यापुरता शेवटचा भाग ठरला तो ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’. इतर सर्व पुस्तके वाचून झाली तरी हे एक कोणाच्या ना कोणाच्या खाती अडकलेलेच असे; आणि प्रतापगड म्हणजे आमच्या उंबऱ्यावरचा किल्ला, तेव्हा आपल्याच मुलखात आलेला फेणे आपल्यालाच शेवटी भेटावा, याची रुखरुख काही और होती. ते हाती आल्यावर मी मुद्दाम सावकाश वाचले. तोवर फेणे पुण्याचा, परक्या शहरातला होता. त्या पुस्तकानंतर तो पसरणीचा घाट चढून येणारा झाला. वाईहून पाचगणी, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाटातून एसटीने गडावर जाताना मी पुढे अनेकदा जावळीचे ते निबिड खोरे न्याहाळले आहे. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ मध्ये उभा राहिलेला हा गड, १६५९ चे अफझलखान प्रकरण, १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी अनावरण केलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा, ही माहिती वाटाड्या प्रत्येकाला सांगतो. परंतु रहस्यकथा वाचून गेलेल्या मुलाची दृष्टी बुरुजाच्या पोटातील अंधार, तटातील जंग्या आणि चोरदिंडीची वाट यांवर खिळते, आणि इतिहासाच्या पुस्तकाने जी चिकित्सक नजर दिली नव्हती ती या कादंबरीने दिली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

अन्यत्र शेवटच्या भागांच्या कथा निराळ्या आहेत. कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले आणि वाचकांच्या आग्रहापुढे नमून दहा वर्षांनी परत आणले. एनिड ब्लायटनची ‘फेमस फाइव्ह’ १९४२ ते १९६३ या काळात एकवीस भागांवर थांबली. सत्यजित राय यांचा फेलूदा, ज्याला अशोक जैन यांनी मराठीत आणले, १९९२ मध्ये रायबाबूंच्या निधनामुळे थांबला. आणि हॅरी पॉटरचा सातवा भाग २१ जुलै २००७ रोजी निघाला तेव्हा आपल्याकडेही मुले दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली.

शेवटल्या भागाची खरी प्रतीक्षा म्हणजे काय, हे वाईने मात्र दुसऱ्याच एका मालिकेच्या निमित्ताने अनुभवले आहे. मराठी विश्वकोशाचे कार्यालय आमच्या गावात. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ मध्ये निवर्तले, आणि विसावा खंड २०१५ मध्ये पुरा झाला. विषय सोडून मी फार दूर गेलो असे कोणास वाटेल. पण ज्या गावात विद्वान मंडळी नोंदीमागून नोंद तपासीत वीस खंडांची वाट चालत होती, त्याच गावात फेणेची वीस पुस्तके मिळतील त्या क्रमाने धुंडाळणारी मुलेही होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

२०१७ मध्ये पाचगणीजवळच्या भिलारला पुस्तकांचे गाव झाले, त्याच वर्षी अमेय वाघ यांच्या भूमिकेचा फास्टर फेणेवरील चित्रपटही आला. भिलारला मी जातो तेव्हा बालसाहित्याच्या घरात बराच वेळ बसतो. तिथे सुट्टीत आलेली मुले हाताला लागेल तो भाग उचलतात आणि मधूनच वाचू लागतात. पहिला कोणता, शेवटचा कोणता, अशी चौकशी करताना मी अद्याप कोणाला पाहिले नाही. पालक मात्र क्रमाचा हट्ट धरतात. तो त्यांनी सोडावा.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेटीतून अशी जुनी पुस्तके निघतील. ती रद्दीवाल्याच्या तागडीत न घालता आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत, आणि देण्यापूर्वी शेवटचे पान जागेवर आहे ना हे पाहून, सुटले असल्यास खळ लावून पक्के करावे, एवढी वाचकांस विनंती आहे.