‘ट्रेन’ : ओढण्याचे आणि वळणाचे क्रियापद

इंग्रजीत ‘ट्रेन’ हे नाम आहे तसेच क्रियापदही आहे, आणि दोहोंच्या मुळाशी ओढणे आहे. लॅटिनमध्ये ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये फरफटत नेण्याचे क्रियापद झाले आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांत हे कूळ इंग्रजीत रुळले. उंची झग्याचा जमिनीवर लोळणारा घोळ म्हणजे ‘ट्रेन’. मग सरदाराच्या मागून चालणारा लवाजमाही ‘ट्रेन’ झाला. एकामागून एक सुचत जाणाऱ्या विचारांनाही थॉमस हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये हाच शब्द लावला. एकोणिसाव्या शतकात इंजिनामागे डब्यांची रांग धावू लागली, तेव्हा तिच्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही.

कुर्डुवाडीत ही रांग दोन मापांची होती. मुंबई-सोलापूर रुंद मार्गावरच्या या ठिकाणाहून १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी बार्शीला जाऊ लागली. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे हे रूळ पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचले. वारीला निघालेले कित्येक जण इथे मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसत. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मार्गही रुंद झाला.

ओढण्याचा शिकवण्याशी संबंध कसा आला, हा या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग आहे. तो दुवा वेलीने जोडला. फांदी ओढून, वाकवून हव्या त्या आकारात वाढवणे, हा ‘ट्रेन’चा बागेतला अर्थ. सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही द्राक्षबागेत तो डोळ्यांनी पाहता येतो. कोवळी वेल बांबूला सुतळीने सैलसर बांधून सरळ वर नेतात, तारेपर्यंत पोचली की शेंडा खुडतात आणि फुटलेल्या फांद्या तारेवर आडव्या वळवून त्यांचे ओलांडे तयार करतात. सुतळी आवळली तर खोडाला काच पडतो, आणि वेळेवर बांधले नाही तर वेल भलतीकडे जाते. सोळाव्या शतकात हाच शब्द माणसाला लागू झाला आणि ‘ट्रेन’ म्हणजे शिस्त लावून तयार करणे असा अर्थ पक्का झाला. त्याच शतकात भुलवून आपल्याकडे ओढणे असाही अर्थ होता, पण तो मागे पडला. तोफेचे तोंड नेमके लक्ष्याकडे वळवणे हा अर्थ मात्र टिकला.

मराठीने ही वाट स्वतंत्रपणे काढली आहे. वेल वळवतात आणि मुलाला वळण लावतात. अक्षराला वळण असते, रुळालाही असते. इंग्रजीने ओढण्यातून जे साधले, ते मराठीने वळण्यातून साधले, आणि हे रूपक अधिक मायेचे आहे. तरीही नोकरीच्या जगात ‘ट्रेनिंग’च चालते. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात आयटीआय केलेली मुले शिकाऊ उमेदवार म्हणून येतात. ती ट्रेनिंग घेतात आणि घरी ट्रेनने जातात, पण हे दोन्ही शब्द एकच आहेत हे बोलताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

‘त्राहेरे’चे वंशज मराठीत आणखीही आहेत. ‘कंत्राट’ त्याच मुळाचे, कारण करारात दोन पक्ष एकत्र ओढले जातात. ‘ट्रॅक्टर’ही तिथलाच. गळिताच्या हंगामात माढा तालुक्याच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून तो कारखान्याकडे निघतो, तेव्हा मूळ लॅटिन अर्थ जसाच्या तसा चालताना दिसतो.