संगणकातील जोडखतावणी : रेड व्यवस्थेतील बिघाड व त्यांची पारख

स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली, तेव्हा तुरीच्या बाजारभावाविषयी लिहावे असे प्रथम आमच्या मनात होते. परंतु भावाविषयी आपणां सर्वांस आमच्याइतकेच कळते. उलट ज्या यंत्रावर आज आपणां बहुतेकांची कीर्द-खतावणी उभी आहे, त्याच्या पोटात काय चालते याची विचारपूस आपण व्यापारी मंडळी सहसा करीत नाही. आम्हीही करीत नव्हतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणकाचे शास्त्र आम्ही कोठे शिकलो नाही. तथापि दोन वर्षांमागे नव्हे, अगदी नेमके सांगावयाचे तर १० एप्रिल २०२४ रोजी, सात वर्षांचा हिशेब एका कळीच्या दाबाने नाहीसा होण्याची वेळ आमच्या पेढीवर आली. त्यानंतर जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या दुकानातील संगणक २०१७ साली, जी.एस.टी. लागू झाला त्याच सुमारास, घेतलेला. त्यात एक-एक टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क असून त्या 'रेड' पद्धतीने जोडलेल्या आहेत. रेड म्हणजे अनेक डिस्कांचा असा समूह की जो संगणकास एकच डिस्क म्हणून दिसतो. या कल्पनेस हे नाव मिळाले ते १९८८ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघांच्या निबंधामुळे. मोठी व महाग डिस्क घेण्यापेक्षा लहान व स्वस्त डिस्का एकत्र जुंपाव्या, हा त्यांचा हिशेब. म्हणून नावातील एक अक्षर 'स्वस्त' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते. पुढे विकणाऱ्यांस ते रुचेना, तेव्हा त्या जागी 'स्वतंत्र' या अर्थाचा शब्द आला. व्यापाऱ्यांस याचे नवल वाटू नये.

या समूहाचे प्रकार अंकांनी ओळखतात. 'शून्य' प्रकारात मजकूर दोन डिस्कांवर वाटून लिहिला जातो. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सर्वच गेले. हिशेबाच्या यंत्रास हा प्रकार सर्वथा वर्ज्य समजावा. 'एक' प्रकार म्हणजे आरसा : जे पहिल्या डिस्कवर तेच दुसऱ्यावर, जणू दिवाणजी एकाच वेळी दोन खतावण्यांत तीच नोंद करीत आहेत. 'पाच' प्रकारास निदान तीन डिस्का लागतात. तेथे दोन रकमा व त्यांची बेरीज ठेवण्यासारखी युक्ती आहे. पाच आणि सात यांची बेरीज बारा हे लिहून ठेवले असता सात पुसले गेले तरी बारातून पाच वजा करून ते परत मिळते. प्रत्यक्षातील बेरीज निराळ्या रीतीची असते, परंतु तत्त्व हेच. आपल्यासारख्या पेढीस पहिला प्रकार पुरे आहे.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या कचेऱ्यांतून या कामासाठी स्वतंत्र कार्ड बसवितात. आपल्या साध्या संगणकात मात्र ही व्यवस्था मदरबोर्डवरील चिप, 'बायोस' आणि विंडोजमधील ड्रायव्हर अशी तिघे मिळून चालवितात. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा, मदरबोर्डवरच वस्तीस असलेला लहानसा प्रोग्राम. दुकान उघडण्यापूर्वी येऊन दारे उघडणाऱ्या, दिवे लावणाऱ्या गड्यासारखे त्याचे काम. यंत्र सुरू होताच 'डिलीट' अथवा 'एफ-दोन' ही कळ दाबली असता त्याचा पडदा दिसतो. तेथे 'साटा मोड' या नावाची एक ओळ असते. तीत डिस्का सुट्या समजावयाच्या की समूहाने, हे ठरते. सुट्या असल्यास 'ए.एच.सी.आय.', समूह असल्यास 'रेड'.

आमचा सर्व घोटाळा या एका ओळीतून उद्भवला. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, त्यावर 'सी.आर. २०३२' असा क्रमांक असून तो ३ व्होल्टचा असतो. वीज नसताना घड्याळ चालविणे व कित्येक मदरबोर्डांवर बायोसची निवड स्मरणात ठेवणे हे त्याचे काम. गंमत अशी की, संगणकास भिंतीतील वीज मिळत असते तोवर सेल मेलेला कळतही नाही. ९ एप्रिल रोजी गुढीपाडवा, म्हणून आम्ही आदल्या रात्री दुकानाचा मुख्य स्विच बंद केला. सात वर्षांचा सेल त्या अवकाशात निकामी ठरला. बायोस आपली निवड विसरला आणि कारखान्यातून आला होता तसा, म्हणजे 'ए.एच.सी.आय.' या स्थितीत, गेला.

सकाळी दिवाणजी म्हणाले, "अण्णा, यंत्र उठत नाही. तारीख १ जानेवारी २०१७ दाखवते आहे." पाहतो तो निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी अक्षरे. मार्च महिन्याच्या विक्रीचे विवरण भरावयास एकच दिवस उरलेला. डिस्का जळाल्या असे आम्ही धरून चाललो.

वास्तविक डिस्का धडधाकट होत्या. विंडोजला समूहाचा ड्रायव्हर घेऊन उठण्याची सवय. समोर डिस्का सुट्या दिसल्या, म्हणून ते अडखळले. आणि ते अडखळले हेच आमचे दैव, हे आम्हांस फार उशिरा कळले. कारण काही संगणकांवर अशा स्थितीतही विंडोज एका डिस्कवरून निमूटपणे सुरू होते. आरशाच्या प्रकारात प्रत्येक डिस्कवर संपूर्ण मजकूर असल्याने तसे होऊ शकते. मग दिवसभराच्या नोंदी एकाच खतावणीत होतात, दुसरी कालच्याच तारखेवर राहते. पुढे कोणी 'रेड' निवडून दोन्ही पुन्हा जोडल्या, तर व्यवस्थेस दोन्ही खऱ्याच वाटतात. वाचताना कधी ही वही उघडली जाते, कधी ती. तपासणीत फरक सापडला तरी खरी वही कोणती, हे यंत्र सांगू शकत नाही. तेव्हा संगणकाची तारीख अकस्मात मागे गेलेली दिसली, तर विंडोज चालू असो वा नसो, एकही नोंद न करता प्रथम ती साटा मोडची ओळ पाहावी.

आम्ही पेटी उघडून नवा सेल घातला, बायोसमध्ये 'रेड' निवडले. येथवर ठीक. परंतु यंत्र सुरू होताना समूहाच्या नावापुढे 'नॉर्मल' याऐवजी 'डिग्रेडेड' असे आले. ज्या दुरुस्तीवाल्यांकडून यंत्र घेतले, त्यांच्या दुकानातील एका तरुणास फोन लावला. तो म्हणाला, "जुना समूह काढून टाका आणि नवा करा, दोन मिनिटांचे काम आहे." इंटेलच्या चिपवरील त्या काळच्या यंत्रांत, सुरू होताना 'कंट्रोल' व 'आय' या कळा एकत्र दाबल्या की समूहाचा पडदा उघडतो, नव्या यंत्रांत तोच बायोसच्या आत असतो. त्यावर समूह निर्माण करणे, पुसणे, डिस्का सुट्या करणे अशा ओळी असतात. दिवाणजींनी पुसण्याची ओळ निवडली आणि ते थबकले. "अण्णा, सर्व मजकूर नष्ट होईल असे लिहिले आहे. 'वाय' दाबू का?"

आम्ही म्हणालो, "थांबा, हात मागे घ्या."

त्या तरुणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नवे यंत्र बांधताना तो रोज तेच करीत असेल. पण समूहाची माहिती बायोसच्या स्मरणात नसून ती डिस्कांवरच लिहिलेली असते, ही गोष्ट त्या क्षणी त्याच्या ध्यानी नव्हती, आणि आमच्या तर ज्ञानातच नव्हती. इंटेलच्या पद्धतीत डिस्कच्या अगदी शेवटच्या भागात ही नोंद असते : समूहाचे नाव काय, सभासद डिस्का कोणत्या, प्रकार कोणता. म्हणून सेल मेला, बायोसची नवी आवृत्ती घालताना निवड पुसली गेली, फार काय मदरबोर्डच बदलून त्याच जातीचा दुसरा आला, तरी 'रेड' निवडताच समूह आपोआप ओळखला जातो. नवा करण्याची गरज नसते. ए.एम.डी.च्या मदरबोर्डास इंटेलच्या समूहाची लिपी मात्र वाचता येत नाही. खरेदी करताना हे लक्षात ठेवावे.

'डिग्रेडेड' याचा अर्थ एक वही हजर, एक गैरहजर, आणि व्यवहार चालू. 'फेल्ड' आले तरच जिवास घोर. आमच्याकडील गैरहजेरीचे कारण आमचाच हात. सेल बदलताना एका डिस्कची चपटी वायर किंचित सैल झाली होती. संगणक बंद करून, वीज काढून, ती घट्ट बसविली. पुन्हा सुरू करता 'रिबिल्ड' ही अक्षरे आली. ही नक्कल बायोसमध्ये होत नाही, विंडोज उठल्यावर आत होते. बायोसच्या पडद्यापुढे ताटकळत बसणारे सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. दर सेकंदास १०० मेगाबाइट उतरले, तर एक टेराबाइटास पावणेतीन तास लागतात. मध्ये काम चालू ठेवल्यास अधिक. आम्ही त्या दिवशी बिले हाताने लिहिली.

वायर घट्ट असूनही डिस्क दिसेना, तर ती कोणत्या खाचेत लावली आहे ते पाहावे. काही मदरबोर्डांवर एक-दोन खाचा निराळ्या चिपच्या असतात, त्या समूहात येत नाहीत. काहींवर एम-टू जातीची नवी डिस्क बसविताच साटाची एखादी खाच आपोआप बंद पडते, कारण दोघींची वाट एकच. वेग वाढावा म्हणून नवी डिस्क घातली आणि आरसा तुटला, असे याच कारणाने होते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या यंत्रांत 'व्ही.एम.डी.' नावाची आणखी एक निवड आहे. ती चालू असता विंडोज नव्याने घालताना एकही डिस्क दिसत नाही, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन द्यावा लागतो.

डिस्क खरोखरच गेली असेल, तर बदलताना सर्वांत मोठी भीती आहे ती चांगली डिस्क काढली जाण्याची. दोन्ही दिसावयास सारख्या. पडद्यावर प्रत्येकीचा अनुक्रमांक व खाचेचा अंक येतो, तोच अनुक्रमांक डिस्कच्या चिठ्ठीवर असतो; तो जुळविल्याशिवाय स्क्रू सोडू नये. मार्का न पाहता आपण पोते तरी उचलू देतो काय? नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. दोन कंपन्यांच्या 'एक टेराबाइट' डिस्कांत थोडासा फरक असू शकतो आणि तेवढ्यावरून व्यवस्था ती नाकारू शकते.

आणि हा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे आम्हांस मान्य करावे लागले. दिवाणजींनी चुकून एखादे खाते पुसले तर ते दोन्ही वह्यांतून त्याच क्षणी पुसले जाते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या विषाणूने जगभर संगणक कुलूपबंद केले. तसे झाले तर दोन्ही डिस्का एकाच कुलपात. जी.एस.टी.च्या कायद्याने हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावयाचा असतो. एका पेटीतल्या दोन डिस्कांवर तो भार टाकणे धाडसाचे आहे. आता दर शनिवारी सायंकाळी बाहेरच्या डिस्कवर नक्कल घेतो आणि ती डिस्क घरच्या तिजोरीत नेतो.

संगणकाच्या पेटीच्या झाकणाला आतून आम्ही एक कागद चिकटविला आहे. त्यावर दोन्ही डिस्कांचे अनुक्रमांक, त्यांच्या खाचांचे अंक आणि 'साटा मोड : रेड' एवढेच लिहिले आहे. खाली दिवाणजींनी तांबड्या शाईने जोडले आहे : "सेल बदलला १० एप्रिल २०२४. पुढील सेल पाडवा २०२८. स्विच बंद करण्याआधी."