जहागिरीचा शब्द आणि हेगचे न्यायासन
(न्यायमूर्ती छागला यांचे चरित्र)

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात 'जहागीर' हा शब्द अजूनही अधूनमधून येतो. गावाचा वसूल जहागीरदाराकडे जाई, परंतु राज्य मात्र निजामाचे असे. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ साली संपुष्टात आल्या. वसूल एकाचा व राज्य दुसऱ्याचे, हा भेद आपल्या आजोबांस शाळेत शिकावा लागला नाही, कारण ते तो रोजच अनुभवीत होते. याच भेदाचा ऊहापोह पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाला आणि त्या न्यायासनावर मुंबईचे एक न्यायाधीश बसले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. त्या महमदअली करीम छागला यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

छागला यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईतील एका खोजा व्यापारी कुटुंबात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर शाळेत व महाविद्यालयात शिकून ते ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात गेले. तेथे इतिहासाचा अभ्यास करून आणि बॅरिस्टर होऊन १९२२ साली ते परत आले व मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. आरंभीची काही वर्षे ते बॅ. जीना यांच्या हाताखाली काम करीत होते. परंतु १९२८ साली नेहरू अहवालाच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग भिन्न झाले. धर्मावर आधारलेले राजकारण छागलांस मान्य नव्हते आणि त्यासाठी आपल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याशी फारकत घेण्यासही ते कचरले नाहीत. १९४१ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९४७ पासून १९५८ पर्यंत त्यांनी मुख्य न्यायमूर्तीचे पद भूषविले.

हा काळ आपल्या भागाच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर बिदर व गुलबर्गा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आले. एकाच नातेगोत्यातील माणसांपैकी उदगीरकरांचे दावे छागलांच्या उच्च न्यायालयाकडे जाऊ लागले आणि आपले बंगलोरकडे.

आता हेगच्या खटल्याकडे वळू. दमणच्या पूर्वेस दादरा व नगर हवेली हे दोन प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात होते आणि ते चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकीच एक. भारत सरकारने पोर्तुगालच्या सैन्यास आपल्या मुलखातून जाऊ दिले नाही. तेव्हा २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. या न्यायालयाचा एक नियम असा आहे की, ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नसेल त्यास त्या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमता येतो. भारताने छागलांस नेमले.

पोर्तुगालच्या दाव्याचे मूळ १७७९ साली पुणे दरबाराशी झालेल्या तहात आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदांत होते. मराठ्यांनी ही गावे सार्वभौम हक्काने दिली, असे पोर्तुगालचे म्हणणे. तर वार्षिक १२,००० रुपयांच्या वसुलाची ती जहागीर अथवा सरंजाम होता, असे भारताचे म्हणणे. अशा रीतीने पेशवाईच्या दप्तरातील शब्द हॉलंडमध्ये जगाच्या न्यायाधीशांपुढे तपासले गेले!

त्या पीठावर चीनचे विख्यात कायदेपंडित व मुत्सद्दी वेलिंग्टन कू हेही होते. १९१९ च्या पॅरिस परिषदेत शांटुंग प्रांतावरील जर्मनीचे हक्क जपानला देण्यास विरोध म्हणून ज्या चिनी शिष्टमंडळाने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही, त्यात ते प्रमुख होते. कू प्रथम राजदूत व मग न्यायाधीश झाले. छागलांचा क्रम उलटा होता.

भारताचे प्राथमिक आक्षेप न्यायालयाने १९५७ साली पुष्कळ अंशी फेटाळले, तेव्हा छागलांनी आपले भिन्न मत नोंदविले. अखेरचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. सनदांनी केवळ वसूल दिला होता, राज्य नव्हे, हे न्यायालयाने मानले. मात्र पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगालची सत्ता तेथे गृहीत धरली गेली, हेही त्याने सांगितले. म्हणून सामान्य प्रवासी, मुलकी अधिकारी व माल यांस जाण्याचा हक्क होता, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांस नव्हता. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असा निर्णय झाला. सैन्याविषयीचे मतदान ८ विरुद्ध ७ असे होते. केवळ एका मताचे हे अंतर पाहिले म्हणजे जुन्या कागदांचा अर्थ नीट लावण्याचे महत्त्व कळते.

तत्पूर्वी १९५८ साली मुंदडा प्रकरणाची चौकशी छागलांनी उघडपणे, लोकांसमक्ष व अल्पावधीत पूर्ण केली. त्यातून अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांस राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर छागला अमेरिकेत राजदूत व इंग्लंडमध्ये उच्चायुक्त झाले. १९६३ साली ते केंद्रीय शिक्षणमंत्री झाले. कोठारी आयोग नेमला गेला तो त्यांच्याच कारकीर्दीत, १९६४ साली. १९६६ च्या अखेरीस ते परराष्ट्रमंत्री झाले.

सप्टेंबर १९६७ मध्ये मात्र त्यांनी मंत्रिपद सोडले. विद्यापीठांत इंग्रजीच्या जागी घाईघाईने प्रादेशिक भाषा आणल्यास देशातील विद्यापीठांचा परस्परसंबंध तुटेल, असे त्यांचे मत होते. कर्नाटकात राहून मराठीतून शिकणाऱ्या आपणांस हा प्रश्न परका नाही. मातृभाषेतून ज्ञान सुलभ होते, हा आमचा नित्याचा अनुभव. म्हणून त्यांच्या मताशी आम्ही सर्वस्वी सहमत नाही. तथापि मराठी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलास कन्नड व इंग्रजीही उत्तम यावयास हवी, ही त्यांच्या चिंतेतील सत्याची बाजू आम्हांस नाकारता येत नाही. आपल्या मतासाठी परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा माणूस विरळाच, हेही कबूल केले पाहिजे.

आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी अहमदाबादेस नागरी स्वातंत्र्याचा निर्भयपणे कैवार घेतला. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातील जुन्या पेटीत एखादी सनद, पावती अथवा मोडी लिपीतील कागद असेल, तर तो रद्दीत टाकू नका. वडीलधाऱ्यांकडून त्यातील शब्दांचा अर्थ समजावून घ्या. जहागीर म्हणजे राज्य नव्हे, एवढी गोष्ट हेग येथे भारताच्या उपयोगी पडली, ती कोणीतरी ते कागद जपून ठेवले होते म्हणूनच.