पाटी तीच, माल वेगळा!

थंडीचे दिवस. सकाळी उठल्या उठल्या सासूबाईंचे गुडघे धरलेले. चहाचा कप हातात देऊन सूनबाई मोबाईलवर विजेवर चालणारा शेकण्याचा पट्टा शोधू लागतात. एक पट्टा लगेच नजरेत भरतो. किंमत सातशेच्या आत, साडेचार तारे आणि तीन हजारांवर ग्राहकांचे अभिप्राय!

"आई, हाच मागवू या. तीन हजार जणांनी घेतलाय."

"लोक काय म्हणतायत ते वाच तरी," सासूबाई म्हणतात.

सूनबाई वाचू लागतात. 'माझ्या फोनला अगदी चपखल बसले.' 'रंग फोटोत आहे तसाच निघाला.' 'फोन दोनदा हातातून पडला, पण काच फुटली नाही.'

"अगं, गुडघ्याला फोन कधीपासून म्हणायला लागले?" सासूबाई विचारतात आणि दोघींनाही हसू फुटते.

हा प्रसंग वानगीदाखल घेतला असला, तरी असा अनुभव घरबसल्या खरेदी करणाऱ्या कोणालाही येऊ शकतो. यात गंमत अशी, की ते अभिप्राय खोटे नाहीत. ते लिहिणारी माणसे खरी, त्यांनी मोजलेले पैसे खरे आणि त्यांचे समाधानही खरे. फक्त ते सारे मोबाईलच्या कव्हरविषयी होते. काही महिन्यांपूर्वी त्याच पानावर कव्हर विकले जात होते. पुढे विक्रेत्याने पानावरचे नाव बदलले, फोटो बदलला, वर्णन बदलले आणि तिथेच शेकण्याचा पट्टा मांडला. तारे मात्र जागचे हलले नाहीत!

हे घडते कसे?

ऑनलाइन बाजारात प्रत्येक वस्तूचे स्वतःचे एक पान असते आणि त्या पानाला एक ओळखक्रमांक असतो. ग्राहकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय त्या क्रमांकाच्या खात्यावर जमा होत जातात. म्हणजे आपण समजतो तसे ते थेट वस्तूला चिकटलेले नसतात, पानाला चिकटलेले असतात. सगळी मेख इथेच आहे.

नवी वस्तू बाजारात आणली, की तिच्या पानावर एकही तारा नसतो. अभिप्राय नाहीत म्हणून गिऱ्हाईक घेत नाही आणि गिऱ्हाईक घेत नाही म्हणून अभिप्राय येत नाहीत. शिवाय खूप विकल्या गेलेल्या वस्तू शोधात वर दिसतात आणि नवी वस्तू कुठेतरी खाली राहते. या अडचणीतून सुटण्यासाठी काही विक्रेते आडवाट धरतात.

पहिली वाट वर पाहिली तीच. जुन्या वस्तूचे पान घ्यायचे आणि त्यावर नवी वस्तू बसवायची.

दुसरी वाट अधिक चलाखीची. एकच कुर्ता पाच रंगांत आणि चार मापांत मिळत असेल, तर त्या सगळ्यांसाठी एकच पान ठेवण्याची सोय असते. ती ग्राहकाच्याच फायद्याची आहे, कारण निळ्या कुर्त्याच्या शिलाईबद्दलचे मत लाल कुर्त्यालाही लागू पडते. पण या सोयीचा गैरफायदा घेऊन, ज्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही अशा वस्तू 'रंग' किंवा 'प्रकार' म्हणून एका पानात घुसवल्या जातात. मग एका वस्तूने मिळवलेले तारे सगळ्यांच्या नावावर दिसू लागतात.

तिसरी वाट म्हणजे बेवारस पानाची. एखाद्या कंपनीने जुना माल बंद केलेला असतो, पण त्याचे पान तसेच राहिलेले असते. दुसराच कोणी विक्रेता त्यात शिरतो आणि आपला माल तिथे मांडतो.

पानातला प्रत्येक बदल लबाडीचा नसतो, हेही खरे. नावातली चूक दुरुस्त करणे, नव्या वेष्टणाचा फोटो लावणे, वजनाचा तपशील भरणे ही रोजची कामे आहेत. प्रश्न एकच विचारायचा: ज्या वस्तूबद्दल लोकांनी लिहिले, तीच वस्तू आज विकली जात आहे का?

अमेरिकेतले प्रकरण

हा प्रकार केवळ गल्लीबोळातले विक्रेते करतात, असे समजायचे कारण नाही. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेने २०१९ मध्ये अशी पाने उजेडात आणली होती. भलत्याच वस्तूंचे अभिप्राय तिथे नव्या मालाची शोभा वाढवत होते.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये 'फेडरल ट्रेड कमिशन' या तिथल्या सरकारी यंत्रणेने जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या 'द बाउंटिफुल कंपनी' या मोठ्या कंपनीवर कारवाई केली. अभिप्राय पळवण्याच्या प्रकाराविरुद्ध या यंत्रणेने केलेली ही पहिलीच कारवाई होती. आरोप असा, की कंपनीने ॲमेझॉनवर आपली नवी उत्पादने जुन्या, खपाच्या उत्पादनांचे 'प्रकार' म्हणून दाखवली. त्यांचे घटक मात्र वेगळे होते. परिणामी जुन्या गोळ्यांचे तारे, अभिप्राय, एवढेच नव्हे तर 'सर्वाधिक खपाचे' हा बिल्लाही नव्या गोळ्यांच्या अंगावर झळकू लागला. प्रकरण मिटवताना कंपनीला ६ लाख डॉलर भरावे लागले. त्या वेळच्या दराने ही रक्कम जवळपास ५ कोटी रुपये होते.

इथे माल कव्हरचा नव्हता, पोटात घेण्याच्या गोळ्यांचा होता. एखाद्या बाईला एका गोळीने बरे वाटले म्हणून तिने चार ओळी लिहिल्या. त्या ओळी वाचून दुसरीने मागवली ती मात्र वेगळीच गोळी!

त्यानंतर अमेरिकेत खोट्या अभिप्रायांविरुद्ध नवा नियम झाला आणि तो ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. पहिल्या मसुद्यात अभिप्राय दुसऱ्या वस्तूला वापरण्यावर बंदीचे वेगळे कलम होते. अंतिम नियमात मात्र ते घेतले गेले नाही. वस्तू 'पुरेशी वेगळी' केव्हा म्हणायची हे ठरवणे सोपे नाही. चॉकलेटच्या चवीची पूड आणि व्हॅनिलाच्या चवीची पूड एकच की दोन? तरीही फसव्या जाहिरातीविरुद्धचा जुना कायदा तिथे आहेच आणि बाउंटिफुलवर कारवाई झाली ती त्याच कायद्याखाली.

नुकसान कोणाकोणाचे?

पहिले नुकसान अर्थातच घेणाऱ्याचे. वस्तू मोबाईलच्या कव्हरची असेल तर दोन-तीनशे रुपयांवर भागते. पण अंगाला लावण्याचे मलम, विजेचे उपकरण, तान्ह्या बाळाची वस्तू असेल तर गोष्ट पैशांपुरती राहत नाही. शेकण्याच्या पट्ट्याची वायर किती तापते, तो आपोआप बंद होतो की नाही, हे कव्हर घेणारा कसे सांगणार?

दुसरे नुकसान प्रामाणिक विक्रेत्याचे. बचत गटातल्या बायका मसाले करतात, गोधड्या शिवतात आणि मोठ्या उमेदीने ऑनलाइन विक्रीला ठेवतात. त्यांच्या पानावर बारा अभिप्राय असतात आणि ते बाराही त्यांनी कष्टाने मिळवलेले असतात. शेजारच्या पानावर उचललेले तीन हजार असतात. गिऱ्हाईक साहजिकच तिकडे वळते.

तिसरे नुकसान सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते आहे अभिप्राय लिहिणाऱ्याचे. कोणा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडावे म्हणून त्याने वेळ काढून खरे ते लिहिले. त्याला न विचारता त्याची साक्ष भलत्याच मालासाठी उभी केली गेली. एका कागदावर केलेली सही कापून दुसऱ्या कागदावर चिकटवावी, तसाच हा प्रकार!

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींविरुद्ध त्यात दाद मागता येते. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे स्वतंत्र नियमही आले. त्यानुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहक सेवा क्रमांक संकेतस्थळावर दिसला पाहिजे. विक्रेत्याने स्वतः ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिता कामा नये. सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास आणि पैसे देण्यास तो नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे छापावेत याची तत्त्वे त्यात आहेत. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवण्यात आले.

कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. तिथे मराठीतूनही बोलता येते. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार नोंदवता येते. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्कही नाही.

मागवण्यापूर्वी एवढे पाहा

तारे मोजू नका, शब्द वाचा. निदान दहा अभिप्राय वाचावेत. त्यांपैकी काही सर्वांत नवे आणि काही सर्वांत जुने असावेत. जुन्यांत एक वस्तू आणि नव्यांत दुसरी दिसली, तर काय ते समजावे.

ग्राहकांनी टाकलेले फोटो पाहावेत. विक्रेत्याचा फोटो एका क्षणात बदलतो, ग्राहकांचे फोटो बहुधा तसेच राहतात.

जुने अभिप्राय आणि नवे अभिप्राय यांच्यामध्ये बरेच महिने सामसूम असेल, तर सावध व्हावे.

'रंग' किंवा 'प्रकार' या यादीत भलत्याच वस्तू दिसल्या, तर दाखवलेले तारे नेमके कोणाचे, हा प्रश्न विचारावा.

खाण्याच्या पदार्थांवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का, हे पाहावे. विजेच्या वस्तूवर आयएसआय चिन्ह असेल, तर त्याखालचा क्रमांक मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे भरण्यापूर्वी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. जे पान एकदा बदलले ते पुन्हा बदलू शकते. उद्या तक्रार करायची वेळ आली, तर पान जागेवर असेल पण पुरावा नसेल!

घरातून विक्री करणाऱ्यांसाठी

आज अनेक गृहिणी घरातून दागिने, पिशव्या, फराळ विकतात. मागच्या दिवाळीत कंदिलांच्या पानावर छान अभिप्राय आले, आता त्याच पानावर उन्हाळी पापड-कुरडया मांडल्या तर काय बिघडले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यात हेतू चांगला असला, तरी वाचणाऱ्याची दिशाभूल होतेच. शिवाय मोठी संकेतस्थळे अशा पानांवरचे अभिप्राय काढून टाकतात, प्रसंगी विक्रेत्याचे खातेही बंद करतात. कष्टाने उभे केलेले एवढेसे दुकान पणाला लावण्याइतका हा मोह मोठा नाही. नव्या वस्तूला नवे पान, हाच सरळ मार्ग. वर्णनाचा साचा जुना वापरायला हरकत नाही, पण तारे जुने वापरू नयेत.

आपल्या हातातला उपाय

या लबाडीवर प्रत्येक ग्राहकाला करता येईल असा एक साधा उपाय आहे. 'छान आहे', 'पैसे वसूल' असे मोघम लिहू नये, कारण ते शब्द कोणत्याही वस्तूला चिकटवता येतात. अभिप्राय लिहिताना वस्तूचे नाव लिहावे. 'हा शेकण्याचा पट्टा दहा मिनिटांत गरम होतो, वायर मात्र आखूड आहे' असे लिहिले आणि जमल्यास फोटो जोडला, तर उद्या त्या पानावर कोणी पातेले विकायला ठेवले तरी आपली साक्षच त्याची चोरी उघडी पाडेल. शेकण्याच्या पट्ट्याच्या पानावर 'फोनला चपखल बसले' असे लिहिणाऱ्या अनोळखी ग्राहकाने नकळत हेच केले होते.

पूर्वी कुंभाराकडून मडके घेताना आजी ते बोटाने वाजवून पाहायची. आवाज खणखणीत आला तरच घरात यायचे. मोबाईलच्या पडद्यावरची वस्तू वाजवून पाहता येत नाही. तिथे आधी घेऊन गेलेल्यांचे शब्दच काय ते वाजवून पाहायचे असतात. सासूबाईंनी "वाच तरी" म्हटले, तेव्हा त्यांनी तेच केले आणि सातशे रुपये तर वाचलेच, गुडघेही वाचले!