जुना जांभळा दिवा आणि मेथीचा ट्रे

आमच्या प्रयोगशाळेच्या माळ्यावर एक दिवा बरीच वर्षे धूळ खात पडला होता. विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून कुणीतरी शाळेला दिलेला, लाल-निळ्या एलईडींचा, रोपे वाढवण्यासाठी खास बनवलेला. गेल्या पावसाळ्यात आठवडाभर सूर्याने तोंड दाखवले नाही, तेव्हा त्याची आठवण झाली. साठ सेंटिमीटर लांब-रुंद ट्रेमध्ये मेथी पेरली, वर हा दिवा टांगला आणि खोली जांभळ्या उजेडाने भरून गेली. मुले खूश झाली.

नवव्या दिवशी ट्रे खिडकीपाशी नेला तेव्हा कळले की निम्म्या रोपांवर मावा पसरला आहे. रोज पाणी घालणाऱ्या मुलांना तो दिसला कसा नाही? तर दिसणे शक्यच नव्हते. लाल-निळ्या उजेडात हिरव्या पानावरून डोळ्याकडे परत येण्यासारखे फारसे काही नसते. पान काळपट दिसते, आणि त्यावरचा हिरवा मावाही तितकाच काळपट. शिवाय ट्रेच्या मधली रोपे बुटकी, दणकट आणि कोपऱ्यांतली लांबडी, झुकलेली. दिवा फेकून द्यावा की सुधारावा, असा प्रश्न पडला. आम्ही तो उघडला.

आत जे दिसले ते समजून घेण्याआधी थोडे मागे जाऊ. हे दिवे जांभळेच का असायचे? अकरावीच्या पुस्तकात एंगलमान यांचा १८८२ सालचा प्रयोग आपण शिकवतो. त्यांनी हिरव्या शैवालाच्या तंतूवर लोलकातून निघालेला वर्णपट पाडला. ऑक्सिजनच्या ओढीने जिवाणू लाल आणि निळ्या भागांत गोळा झाले. हरितद्रव्याच्या द्रावणाचा शोषण-आलेखही हेच सांगतो: निळ्यात एक शिखर, लालमध्ये एक, मध्ये हिरव्यात खोल दरी. त्यावरून हिरवा प्रकाश वनस्पतीला निरुपयोगी, असा समज पक्का झाला. पण शैवालाचा तंतू किंवा परीक्षानळीतले द्रावण म्हणजे पान नव्हे. जाड पानाच्या आत प्रकाश पेशींवर आपटत, वळत, पुन्हा पुन्हा हरितद्रव्यासमोर येतो आणि हिरव्याचाही बराच मोठा भाग शोषला जातो. अमेरिकेतील मॅक्री यांनी १९७२ साली २२ जातींच्या पिकांवर केलेली मोजमापे प्रसिद्ध झाली. त्यांत पानाचा आलेख लालमध्ये सर्वांत उंच होता हे खरे, पण हिरव्यात दरी नव्हती, होता तो नुसता उतार. पुढे २००९ साली जपानमधील तेराशिमा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भरपूर पांढऱ्या प्रकाशात असलेल्या पानाला आणखी थोडा हिरवा प्रकाश दिला तर तो लालपेक्षाही अधिक उपयोगी पडतो, कारण तो पानाच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचतो. फळ्यावर हरितद्रव्याचा आलेख काढताना शेजारी पानाचा आलेखही काढावा, असे आम्हाला वाटते.

आता दिव्याकडे वळू. डब्यावर ‘३०० वॅट’ असे छापलेले होते. प्लगमध्ये लावायच्या मीटरने पाहिले तर वापर होता ११८ वॅट. आत १०० एलईडी, प्रत्येक म्हणे ३ वॅटचा, म्हणून ३००! प्रत्यक्षात प्रत्येकाला एक वॅटही मिळत नव्हता. पन्नास-पन्नासच्या दोन माळा, प्रत्येक माळेवर सुमारे १२० व्होल्ट आणि ४०० मिलिअँपिअर. उष्णता बाहेर फेकायला दोन पंखे, त्यांतला एक जाम झालेला.

वनस्पतीच्या प्रकाशाचा हिशेब वॅटमध्ये किंवा लक्समध्ये मांडता येत नाही. लक्स हे मानवी डोळ्याचे एकक आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक दाद देतो, लाल-निळ्याला फार कमी. त्यामुळे जांभळ्या दिव्याखाली लक्समीटर धरणे निरर्थक ठरते. प्रकाशसंश्लेषण फोटॉन मोजते. म्हणून ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजायचे आणि ते मायक्रोमोलमध्ये सांगायचे. एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे ६ वर १७ शून्ये इतके फोटॉन. दिव्याची खरी गुणवत्ता कोणती? एक ज्यूल विजेत तो किती मायक्रोमोल फोटॉन देतो, ती.

येथे एक मजा आहे. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनची ऊर्जा ६६० च्या लाल फोटॉनच्या जवळजवळ दीडपट असते, पण पानातले काम दोघांचे साधारण सारखेच. निळ्याची जादा ऊर्जा पानातच उष्णता होऊन जाते. गणित केले तर एका ज्यूलमध्ये जास्तीत जास्त ५.५ मायक्रोमोल लाल फोटॉन बसतात, निळे फक्त ३.८. म्हणजे लाल फोटॉन सर्वांत स्वस्त. मग सगळाच दिवा लाल का करू नये? कारण निव्वळ लाल प्रकाशात अनेक रोपे लांबडी आणि लुळी होतात. खोड आखूड राहायला थोडा निळा लागतो.

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच. त्यावर लावलेले प्रस्फुरक निळा फोटॉन गिळते आणि पिवळा-लाल फोटॉन बाहेर सोडते. ऊर्जेत तोटा होतो हे उघड आहे, पण फोटॉनच्या खातेवहीत एक गेला, एक आला. म्हणून पांढऱ्या एलईडीचीही वरची मर्यादा सुमारे ३.८ हीच राहते, आणि आजचे चांगले पांढरे एलईडी, हलक्या प्रवाहावर चालवले तर, ३ च्या आसपास पोहोचतात. पूर्वी हे शक्य नव्हते. २०१४ साली अमेरिकेतील नेल्सन आणि बगबी यांनी बाजारातले दिवे मोजले तेव्हा एलईडीच्या सर्वोत्तम दिव्याचा आकडा १.७ होता, आणि सोडियम बाष्पाच्या सर्वोत्तम दिव्याचाही तितकाच!

मधल्या काळात सुधारले काय? बारावीच्या मुलांना हे सहज पटवता येते. ४५० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे २.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एक इलेक्ट्रॉन फार तर एक फोटॉन देणार. जुना निळा एलईडी ३.४ व्होल्ट मागत असेल, तर प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे ०.६४ व्होल्टचा भुर्दंड सुरुवातीलाच बसला. नवे एलईडी कमी प्रवाहावर २.७५ व्होल्टच्या आसपास चालतात. शिवाय प्रवाह वाढवला की एलईडीची कार्यक्षमता घसरते, तापला की आणखी घसरते. थोडक्यात, थोडे एलईडी जोरात चालवण्यापेक्षा पुष्कळ एलईडी सावकाश चालवणे फायद्याचे.

म्हणून आम्ही डबा, टांगायच्या साखळ्या, वायर आणि बटण तेवढे ठेवले. एलईडी, भिंगे, पंखे काढून टाकले. आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तयार पट्टा बसवला: २४० पांढरे आणि ३० गडद लाल एलईडी, १५ समांतर ओळींत. प्रत्येक ओळीतून ७० मिलिअँपिअर, एकूण १०५० मिलिअँपिअर, दाब ४८ व्होल्टच्या जवळपास. पट्टा आणि पत्रा यांच्यामध्ये हीट सिंकची पेस्ट पातळ लावली. जाड थर लावला तर उलट उष्णता अडते.

आणि इथे आमची चूक झाली. ४८ व्होल्टचा एक साधा अडॅप्टर हाताशी होता, तोच जोडला. सुरुवातीला प्रवाह ०.९ अँपिअर दिसला. पाच मिनिटांत १.१, दहा मिनिटांत १.३. एव्हाना पत्र्याला हात लावता येईना. तातडीने बंद केले. कारण असे की एलईडी तापला की त्याला लागणारा दाब कमी होतो. दाब कायम ठेवला तर प्रवाह वाढतो, प्रवाहाने आणखी तापतो, तापल्याने आणखी प्रवाह. हा फेरा एलईडी जळेपर्यंत चालतो. त्यासाठी ठरावीक दाबाचा नव्हे, ठरावीक प्रवाहाचा ड्रायव्हर हवा. तो दुसऱ्या दिवशी आणला, तेव्हा पत्रा नुसता कोमट राहिला. पंख्यांची गरज उरली नाही.

एक गोष्ट शिक्षकांनी गंभीरपणे घ्यावी. जुन्या दिव्यातले १२० व्होल्ट एकदिश होते आणि ते जीव घेऊ शकतात. ड्रायव्हरमधले धारित्र प्लग काढल्यावरही काही काळ भारित असते. उघडणे आणि २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडून करून घ्यावी, डब्याला अर्थिंग द्यावे, आणि नवा ड्रायव्हर विलग प्रकारचा, ६० व्होल्टपेक्षा कमी दाबाचा निवडावा. मुलांनी मोजमाप करावे. चालू दिव्याकडे रोखून पाहू नये.

मोजमापासाठी जवळच्या कृषी महाविद्यालयातून फोटॉन मोजणारे मीटर दोन दिवसांसाठी मिळाले. दिवा उघडण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, तीस सेंटिमीटर खाली, ट्रेच्या सोळा जागांवर मुलांनी आकडे घेतले. जुन्या दिव्याखाली मध्यभागी ३१०, कोपऱ्यात ७०, सरासरी १८० मायक्रोमोल, दर चौरस मीटरला दर सेकंदाला. कोपऱ्यातली रोपे का झुकली याचे उत्तर यातच होते. भिंगांनी सगळा प्रकाश मध्ये ओतला होता. नव्या दिव्याखाली मध्यभागी ३४०, कोपऱ्यात १९०, सरासरी २७०. ट्रेचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर. म्हणजे पूर्वी ११८ वॅटमध्ये ६५ मायक्रोमोल ट्रेवर पोहोचत होते, आता ५८ वॅटमध्ये ९७. दर वॅटमागे तिप्पट. मीटर मिळाले नाही तर पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला सुमारे ७० ने भागले की अंदाज येतो. जांभळ्यासाठी मात्र ही युक्ती चालत नाही.

पैशाचे काय? सोळा तास चालवला तर रोज जवळजवळ एक युनिट वाचते. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला तीनशेच्या आत. पट्टा आणि ड्रायव्हर मिळून साडेचार हजार रुपये गेले. म्हणजे रोज चालवला तर पंधरा-सोळा महिन्यांत वसूल. वर्षातून दोन महिने चालवणाऱ्या शाळेने वीज वाचवण्यासाठी म्हणून हा खटाटोप करू नये, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केळीची रोपे ऊतिसंवर्धनाने वाढवणाऱ्या प्रयोगशाळांचे गणित वेगळे. तिथे कप्प्यांच्या रांगा बारा महिने उजळलेल्या असतात, आणि दिव्याने सोडलेली उष्णता वातानुकूलन यंत्राला पुन्हा उपसावी लागते.

दुसरी पेरणी केली. दिवसाला सोळा तास, म्हणजे सुमारे साडेपंधरा मोल फोटॉन. या वेळी कोपऱ्यातली रोपे सरळ राहिली. मावा याही वेळी आला. पाचव्या दिवशी आठवीतल्या एका मुलीने पानाच्या मागे चार-पाच हिरवे ठिपके दाखवले. तेवढी पाने तोडून टाकली, आणि मेथी पंचविसाव्या दिवशी कापली.

काढलेले लाल-निळे एलईडी एका डब्यात ठेवले आहेत. त्यांतल्या एका लाल एलईडीला रोधासह नऊ व्होल्टची बॅटरी जोडून, अंधारात त्याखाली हिरवे पान आणि पिवळे पान शेजारी ठेवले की पहिले काळे आणि दुसरे लाल दिसते.