पाळीचे दुखणे आणि तेलाचा हात

मुलींच्या रजेच्या अर्जात दर महिन्याला 'पोटात दुखते' एवढेच लिहिलेले असते. कारण सर्वांना ठाऊक, पण बोलत कोणी नाही. म्हणून आम्ही येथे स्पष्ट लिहीत आहोत.

पाळीच्या वेळी गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि ओटीपोट, कंबर, मांड्या दुखतात. आयुर्वेदात यास कष्टार्तव म्हणतात. हे दुखणे खरे आहे, तो अभ्यास टाळण्याचा बहाणा नव्हे.

बाळंतिणीला तेल लावून शेक देण्याची रीत आपल्याकडे आहेच. तसाच हलका हात येथेही उपयोगी पडतो. कोमट तिळाचे तेल लावून बेंबीखाली तळहात हळुवार गोल फिरवावा, मग कंबर चोळावी. 10-15 मिनिटे पुरेत. नंतर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून शेकावे. मालिशने दुखणे कमी होते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. मात्र 'बेंबी सरकली' म्हणून पोट जोराने चोळून घेऊ नये.

दर महिन्याला शाळा बुडत असेल, तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, ताप येत असेल किंवा दुखणे वाढतच असेल, तर मालिशवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 मध्ये सुरू झाला. त्यातून सरकारी दवाखान्यांत किशोरींना सल्ला मिळतो.

शाळेत विश्रांतीची खोली व शेकण्याची पिशवी असावी, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे. घरी ती पिशवी भरून द्यायला वडिलांनीही संकोचू नये.